स्प्रिंग कापण्याआधी गाडी काट्यावर लावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या मसल कारवर, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. फोटो सुरेख आहेत आणि पाँटिअ‍ॅक जीटीओपासून डॉज चार्जरपर्यंतचा इतिहासही लेखकाने जिव्हाळ्याने सांगितला आहे. पण शेवटच्या चौकटीत एक सल्ला आहे: ‘गाडी वळणावर चपळ करायची असेल तर पुढचे वजन घटवा आणि पुढच्या स्प्रिंगा दीड वेढा कापून टाका.’ या पत्राचे कारण ते एक वाक्य आहे. मी डेट्रॉइटजवळ राहते. माझी नोकरी सस्पेन्शनच्या, म्हणजे गाडीला चाकांवर तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि जोडांच्या कामात गेली आणि निवृत्तीनंतरही सुटीचे दिवस कुणाच्या तरी गॅरेजात, गाडीखालीच जातात. वाक्याचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्याने मात्र गाडी बिघडते आणि माणसाला इजाही होऊ शकते.

आधी लेखातल्या एका विधानाबद्दल. ‘त्या काळात वजनाचा विचार कुणी केलाच नाही, नुसती इंजिने मोठी केली,’ असे त्यात म्हटले आहे. बाजारात विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांबाबत हे खरे आहे, पण कारखान्यांतल्या माणसांना पुढच्या वजनाची पुरती जाणीव होती. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितले, त्याच सुमारास पाँटिअ‍ॅकच्या (हा त्यांचाच एक विभाग) काही कॅटालिना गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पुढचे पत्रे लावले होते आणि त्यांच्या चॅसीला (खालच्या पोलादी सांगाड्याला) वजन कमी करण्यासाठी मोठमोठी भोके पाडली होती. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टमध्ये ४२७ घनइंचाचे इंजिन घालताना बॉनेट आणि फेंडर फायबरग्लासचे केले आणि बॅटरी डिकीत नेली. १९६५ ची शेल्बी जीटी३५० बघा: फायबरग्लासचे बॉनेट, अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग), सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी डिकीत. शिवाय वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारे हलते दांडे) एक इंच खाली बसवले आणि पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) जाड केला. म्हणजे वजन, भूमिती आणि बार यांचा एकत्र विचार झाला होता. १९६९ मध्ये शेव्हरोलेने झेडएल१ हे संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे ४२७ इंजिन कॅमारोत दिले. अशा फक्त ६९ गाड्या निघाल्या, कारण त्या एका इंजिनासाठी चार हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत आणि तेवढ्या पैशात त्या वेळी दुसरी अख्खी गाडी येई.

आता मुद्द्यावर येते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांकडे शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस ३९६ आहे. (बिल्ल्यावर ३९६ असले तरी त्या वर्षीच्या इंजिनाची खरी क्षमता ४०२ घनइंच आहे.) गाडी सरळ रस्त्यावर झक्क पळते, पण वळणावर नाक बाहेर ओढते. स्टिअरिंग फिरवावे आणि गाडीने सरळच जायचे ठरवावे, असा प्रकार. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, चालकाला आत बसवून मोजले तेव्हा एकूण वजन ३,९०० पौंड भरले आणि त्यातले २,२४० पुढच्या चाकांवर होते. म्हणजे ५७ टक्क्यांहून थोडे अधिक. बिडाच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या गाड्यांत हे नेहमीचे आहे.

वजन कुठून काढायचे, याची उत्तरे ठरलेली आहेत. या इंजिनाची बिडाची हेड (सिलिंडरांवरची झाकणे) काढून अ‍ॅल्युमिनियमची बसवली की सुमारे ७५ पौंड कमी होतात. इनटेक मॅनिफोल्ड बदलल्याने पंचवीस-तीस, बिडाच्या एक्झॉस्टऐवजी नळ्यांचे हेडर लावल्याने वीसेक. जुना एसी कंप्रेसर एकटाच ३५ पौंडांच्या घरात असतो आणि आजचा छोटा कंप्रेसर त्याच्या निम्म्याहूनही हलका येतो, त्यामुळे वजनापायी एसी काढून टाकायची गरज नाही. गिअर-रिडक्शन स्टार्टरने आठ-दहा पौंड. फायबरग्लासचे बॉनेट तीसेक पौंड वाचवते, पण ते घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: लोखंडी बॉनेटसाठी बनवलेल्या बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा त्याला फार ताठ पडतात. त्या तशाच ठेवल्या तर बॉनेट बंद करताना वाकते आणि पुढे तडकते. म्हणून पिना लावून उचलून काढायचे बॉनेट घ्यावे, नाहीतर बिजागऱ्या तरी बदलाव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडखाली बोल्टला कठीण केलेले वॉशर घालावेत, हेही दुकानदार सांगायचे विसरतात.

पण किती पौंड काढले याइतकेच कुठून काढले हेही महत्त्वाचे असते, आणि हे फारसे कुणी सांगत नाही. या शेव्हेलच्या दोन अ‍ॅक्सलमधले, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर ११२ इंच आहे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या ३० इंच पुढे, म्हणजे बंपरजवळ, ४० पौंड कमी केले तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार ४० ने नाही, जवळजवळ ५१ पौंडांनी उतरतो आणि मागच्या चाकांवर ११ पौंड वाढतात. इंजिनाची हेड अ‍ॅक्सलच्या थोडी मागे असतात, म्हणून त्यांच्या ७५ पौंडांतले ७० च्या आसपासच पुढून जातात. सगळ्यात जास्त फळ देते ती बॅटरी. ४० पौंडांची बॅटरी अ‍ॅक्सलच्या १५ इंच पुढून उचलून मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० इंच मागे, डिकीत नेली की ५६ पौंडांचा भार पुढून मागे जातो. गाडीतून एक पौंडही न काढता! यासाठी जाड केबल, पक्का बांधलेला बंद डबा आणि गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बंद करता येणारा मुख्य स्विच हवा. एनएचआरए या अमेरिकी संघटनेच्या ड्रॅग शर्यतींत (पाव मैल सरळ पळण्याच्या) बॅटरी हलवली असेल तर तो सक्तीचाच असतो. या स्विचने बॅटरीबरोबर अल्टरनेटरही तुटला पाहिजे, नाहीतर स्विच बंद केल्यावरही इंजिन चालू राहते आणि अपघाताच्या वेळी त्या स्विचचा काहीच उपयोग होत नाही.

काय काढू नये, हेही सांगते. चॅसीला भोके पाडू नका. कॅटालिनाच्या त्या गाड्या पाव मैलाच्या सरळ पट्टीसाठी होत्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी नव्हत्या. रेडिएटरचा आधार कापू नका, कारण पुढचे सगळे पत्रे त्यावर जागी राहतात. बंपर काढून नुसता चकचकीत पत्रा लावणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. त्या गाडीत मुले मागच्या सीटवर बसतात.

शेजाऱ्यांच्या गाडीत हेड, मॅनिफोल्ड, हेडर, कंप्रेसर, स्टार्टर आणि बॉनेट बदलले, बॅटरी मागे नेली, आणि पुन्हा काट्यावर लावली. पुढे २,०००, मागे १,७१५. पुढचा हिस्सा ५४ टक्क्यांच्याही किंचित खाली आला. स्टिअरिंग हलके झाले, नाक वळायला लागले. आणि गाडीचे तोंड वर झाले, पुढून उंच, मागून बसकी.

आपल्या चौकटीतला सल्ला नेमक्या इथे लोकांना मोहात पाडतो. गाडी पुढून वर उठली, मग कापा स्प्रिंग. ती का उठली आणि किती उठली, याचा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो केल्यावर कापायचे मनातही येत नाही.

या गाडीत पुढची स्प्रिंग चाकावर बसत नाही, खालच्या कंट्रोल आर्मच्या साधारण मध्यावर बसते. चाक एक इंच वर गेले की स्प्रिंग फक्त अर्धा इंच दबते. हे प्रमाण प्रत्येक गाडीत स्वतः मोजावे: स्प्रिंग काढून ठेवावी, जॅकने चाक इंच-इंच उचलावे आणि स्प्रिंगच्या दोन बैठकींमधले अंतर टेपने पाहावे. प्रमाण अर्धे असेल तर चाकावरच्या भाराच्या दुप्पट भार स्प्रिंगवर येतो. म्हणजे हे प्रमाण दोनदा लागू होते, एकदा हालचालीला आणि एकदा जोराला. म्हणून स्प्रिंगचा रेट, म्हणजे तिला एक इंच दाबायला लागणारे वजन, ३४० पौंड असेल तर चाकापाशी त्याचा चौथा भागच, ८५ पौंड जाणवतो. बाजारात ‘सहाशेची स्प्रिंग’ ऐकून घाबरणाऱ्यांना आणि तीच ऐकून खूश होणाऱ्यांना, दोघांनाही मी हेच सांगते. ६०० ची स्प्रिंग या आर्मवर चाकापाशी १५० चीच असते.

आता शेव्हेल. टायर, रिम, ब्रेक आणि आर्मचा काही भाग मिळून प्रत्येक पुढच्या कोपऱ्यात शंभरेक पौंड स्प्रिंगच्या खाली असतात, ते स्प्रिंगने पेलायचे नसतात. (म्हणून हलकी रिम लावल्याने गाडीची उंची बदलत नाही. रस्त्यावरची पकड सुधारते ती वेगळी.) पूर्वी एका कोपऱ्यात १,१२० पौंड होते, त्यातले १,०२० स्प्रिंगच्या वाट्याचे. आता ९००. प्रत्येक पुढच्या चाकावरचे १२० पौंड कमी झाले आणि चाकापाशी रेट ८५ होता. १२० ला ८५ ने भागा, १.४ इंच. तेवढेच तोंड वर झाले होते.

यावर दीड वेढा कापला असता तर काय झाले असते? गुंडाळलेल्या स्प्रिंगचा रेट तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि कामाच्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दहा वेढ्यांतला एक कापला तर ३४० चा रेट ३७८ होतो. दीड कापला तर ४००. म्हणजे कापल्याने उंची उतरते आणि थोडा रेटही वाढतो, पण दोन्ही किती, हे आपल्या हातात राहत नाही. त्यातून कापायला गॅसकटर घेतला तर त्या उष्णतेने पोलादाचे टेंपर, म्हणजे तापवून आणलेला कणखरपणा जातो आणि स्प्रिंग काही महिन्यांत बसते, किंवा तिथूनच तुटते. या भागातल्या एका वर्कशॉपने अशी कापलेली स्प्रिंग बसवून दिलेली मी पाहिली आहे. निळा पडलेला तो वेढा बैठकीत एका टोकावर टेकला होता आणि गाडी हायवेवर रोज ये-जा करत होती. ज्यांना अगदी थोडी उंची जुळवायची आहे त्यांनी घासणाऱ्या चकतीने, पाणी मारत, पाव-पाव वेढा कापावा, तोही फक्त सरळ सुटलेल्या टोकाकडून. डुकराच्या शेपटीसारखे वळवलेले टोक कधीही कापू नये.

योग्य वाट म्हणजे वजन मोजून नवी स्प्रिंग मागवणे. त्यासाठी गाडीने कसे वागावे, हे आधी ठरवावे लागते. अभियंते स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा डोलते ते पाहतात. चाकापाशी असलेला रेट त्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगवरच्या वजनाने भागायचा, वर्गमूळ काढायचे आणि ३.१३ ने गुणायचे. शेव्हेलच्या जुन्या स्थितीत हा आकडा ०.९ येत होता. १९७० च्या आरामशीर गाडीला तो शोभतो, वळणाला नाही. रोजच्या गाड्या साधारण १ ते १.५ मध्ये असतात, शर्यतीच्या २ च्या वर. रस्त्यावर चालवायच्या पण वळणाची हौस असलेल्या जुन्या गाडीला मी १.२ ते १.३ सुचवते. शेव्हेलला ५५० ची स्प्रिंग घेतली: चाकापाशी त्याचा चौथा भाग, म्हणजे १३७.५. आकडा आला १.२२.

रेट ठरला तरी काम निम्मेच झाले. त्याच रेटच्या दोन स्प्रिंगा वेगवेगळ्या लांबीच्या येतात आणि चुकीची लांबी घेतली तर पुन्हा तोच कापाकापीचा मोह. शेजाऱ्यांना गाडी मूळ उंचीहून एक इंच खाली हवी होती. मूळ उंचीवर स्प्रिंगच्या बैठकींत साडेदहा इंच अंतर होते. चाकापाशी एक इंच म्हणजे स्प्रिंगपाशी अर्धा, म्हणून आता दहा इंच. त्या जागी तिच्यावर १,८०० पौंड येणार. १,८०० ला ५५० ने भागले की ३.२७ इंच दाब. म्हणजे मोकळी लांबी सव्वातेरा इंच. मागवताना दुकानाला रेटबरोबर ‘दहा इंचांवर १,८०० पौंड’ असे स्पष्ट सांगावे. आणखी एक तपासणी न विसरता करावी: जॅकवर चाक पूर्ण लटकते तेव्हा बैठकींमधले अंतर मोकळ्या लांबीहून कमीच राहिले पाहिजे. नाहीतर स्प्रिंग बैठकीतून सुटते.

तयार कॅटलॉगमधून घेणाऱ्यांसाठी एक साधी सूचना. त्यात ‘बिग-ब्लॉक’ (मोठे इंजिन) लिहिलेली स्प्रिंग बिडाच्या हेडचे आणि एसीचे वजन धरून केलेली असते. अ‍ॅल्युमिनियमची हेड, मॅनिफोल्ड आणि हेडर लावलेले मोठे इंजिन वजनाने बिडाच्या छोट्या इंजिनाच्या जवळ येते, तेव्हा ‘स्मॉल-ब्लॉक’च्या रकान्यातली स्प्रिंग बघावी. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांत पुढे गुंडाळलेली स्प्रिंग नसून टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा असतो. तिथे वजन काढल्यावर बोल्ट फिरवून उंची लगेच खाली आणता येते, आणि म्हणूनच तिथली मंडळी निर्धास्त असतात. पण बोल्टने फक्त उंची बदलते, ताठपणा नाही. तो बारच्या जाडीच्या चौथ्या घातावर असतो: ०.८७ इंचाऐवजी १ इंचाचा बार घातला की पावणेदोन पट.

ज्यांना फक्त पाव मैल सरळ पळायचे आहे त्यांना यातले बरेच उलटे लागते. त्यांना पुढे लांब आणि मऊ स्प्रिंग हवी, म्हणजे सुटताना तोंड झटकन उठते आणि भार मागच्या टायरवर जातो. ती गाडी वळणावर सुखाची नसते. दोन्ही गोष्टी एका स्प्रिंगमध्ये मागणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते.

पुढची स्प्रिंग ताठ केली की मागच्याकडेही बघावे लागते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ओली यांनी दाखवले की मागचे डोलणे पुढच्यापेक्षा थोडे जलद असेल तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी लवकर सपाट होते. शेव्हेलला मागे १.४ धरून १३५ च्या आसपासचा रेट आला. अँटी-रोल बार मात्र आम्ही मूळचाच ठेवला. लोक वजन काढून नाक वळते करतात आणि लगेच पुढे जाडजूड बार घालून तेच नाक पुन्हा बाहेर ढकलतात. आधी स्प्रिंगवर गाडी चालवून बघावी, मग बारचा विचार करावा. शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र त्याच वेळी बदलावेत, कारण ३४० च्या स्प्रिंगला आवरणारा शॉक ५५० च्या स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही.

बसवतानाची एक गोष्ट जाणकार मेकॅनिकही विसरतात. कंट्रोल आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर, गाडी आपल्या वजनावर, आणि मग आवळावेत. नाहीतर पिळलेले रबरच स्प्रिंगचे काम करू लागते, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतात. त्यानंतर गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायर आपल्या जागी बसतात, आणि उंची फेंडरच्या कडेवरून न मोजता चॅसीवरून मोजावी. पन्नास वर्षांच्या फेंडरची दोन्ही बाजूंची कड क्वचितच सारखी असते. अलाइनमेंट अगदी शेवटी, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि कॅस्टर हे चाकाच्या बैठकीचे कोन दोन्ही बदलतात.

आणि जीवाची काळजी. शेव्हेलच्या जुन्या स्प्रिंगमध्ये गाडी उभी असताना ५०० फूट-पौंडांहून जास्त ऊर्जा कोंडलेली होती. शंभर पौंडांचे वजन पाच फूट उंच फेकायला ती पुरते. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) सोडताना खालच्या आर्मखाली भक्कम जॅक, स्प्रिंगला आतून दाबून धरणारा कॉम्प्रेसर आणि चॅसीला साखळी, हे तिन्ही असल्याशिवाय नटला हात लावू नये. नवशिक्याने हे काम एकट्याने करूच नये.

आपली विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी इथे हिवाळाभर गॅरेजात काम चालते. आपला पेपर इथेही वाचला जातो आणि ते वाक्य वाचून एखादा वाचक गॅसकटर भाड्याने आणायला निघाला असेल, तर त्याच्यापर्यंत दुरुस्ती लवकर पोचायला हवी. काटे भाड्याने मिळतात, आणि बऱ्याच शर्यतपट्ट्यांवर चार चाकांचे वजन करूनही देतात. लेखकांना हवे असतील तर शेव्हेलचे चारही कोपऱ्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे मी आनंदाने पाठवीन.

आपली,
एक निवृत्त सस्पेन्शन अभियंता
मिशिगन, अमेरिका